एकतिसावा डबा

एकतिसाव्या डब्यात रोटर होता. एमिल फेकेटेने झाकण काढलं, वरचा वर्तमानपत्राचा बोळा बाजूला केला आणि तो दिसला. तपकिरी, गोल, कपाखालच्या बशीहून लहान, दोन बाजूंना स्क्रूची दोन भोकं, मधोमध पितळेची पट्टी. सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर गाडीच्या मालकाच्या, व्हर्जिल रकमनच्या, उभ्या, घोटीव अक्षरात लिहिलं होतं : रोटर. कुठे सापडला : जागेवर. स्क्रू घट्ट होते. एमिलने चिठ्ठी दोनदा वाचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. पेशंट गेला की नर्स आधी घड्याळात पाहते, तसं आपण पाहिलं, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने डबा टेबलावर ठेवला.

डब्यावर 'डिस्ट्रिब्यूटर' असं लिहिलेलं होतं, पण या डब्यात रोटर नसायला हवा होता. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण असेल, वायरी असतील, स्प्रिंगा असतील, रोटर तेवढा नसेल, ही खात्री धरून तो गेले नऊ दिवस एकेक डबा उघडत इथपर्यंत आला होता. रोटर ही तशी क्षुल्लक वस्तू. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीची ठिणगी वाटतो. तो काढून घेतला की इंजिन नुसतं फिरत राहतं, पेट घेत नाही. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून त्या काळी पुष्कळ लोक रोटर काढून घरात ठेवत. या गाडीचा रोटर कुठे आहे हे जगात एकट्या एमिलला माहीत होतं. तो त्याच्या जाकिटाच्या डाव्या खिशात होता. खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, तिच्यात रुमाल, रुमालात तो. डबी एक्केचाळीस वर्षं कपाटाच्या खणात होती आणि गेले नऊ दिवस खिशात. तो आज एकतिसाव्या डब्यात टाकायचा, चिठ्ठी बांधायची, कुणाला काही सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. एवढ्यासाठीच तो नऊ दिवस नीट झोपत होता. आता जागा भरलेली होती.

ओहायोतल्या टोलेडोच्या पूर्वेला, नदीच्या या बाजूला, मर्ना हॉफमायस्टरचं जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचं दुकान आहे. लोक साठ-सत्तर सालच्या दणकट मसल कार आणतात. कुणी अख्ख्या आणतात, बहुतेक जण डब्यांतून आणि पोत्यांतून. कुणीतरी उमेदीत गाडी खोलतो, मग मुलं होतात, पाठ धरते, माणूस मरतो, आणि गाडी सुट्या भागांत पडून राहते. हे भाग ओळखायचं काम एमिलचं. एक वायसर हातात घेऊन तो सांगू शकतो की हा दाराच्या बिजागरीचा आहे आणि दार डावं आहे. बोल्टच्या डोक्यावरच्या रेघा, जस्ताचा मुलामा की काळा, आटे किती, गंज कुठल्या अंगाने चढला, हे पाहून तो भाग कार्ड लावून पांढऱ्या चादरीवर त्याच्या त्याच्या ठिकाणी ठेवतो, म्हणजे हळूहळू जमिनीवर गाडीचा आकार निजलेला दिसायला लागतो. जे ओळखू येत नाही ते लाल ट्रेमध्ये. त्या ट्रेला मर्ना अनाथाश्रम म्हणते. प्रत्येक गाडीचे दहा-वीस अनाथ निघतातच. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा स्क्रू, लॉन कापायच्या यंत्राचा खिळा, कुणाच्या तरी कोटाचं बटण. आणि दहा-वीस भाग हरवलेलेही असतात. हा धंद्याचा नियमच आहे. या गाडीला आतापर्यंत अनाथ एकही नव्हता आणि हरवलेलंही काही नव्हतं. चौसष्ट कॉफीचे डबे, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर 'कुठे सापडला'. रकमनने गाडीचे भाग तर ठेवले होतेच, पण गाडीत जे जे मिळालं तेही ठेवलं होतं. बाराव्या डब्यात एक फणी होती. चिठ्ठी : फणी. कुठे सापडली : ड्रायव्हरच्या सीटखाली. केस : तीन. एमिलने ती फणी उजेडात धरली होती. तीन केस होते. काळे, किंचित कुरळे. ते टिबोरचे होते, त्याच्या थोरल्या भावाचे.

गाडी आली त्याच दिवशी त्याने ती ओळखली होती. रकमनची मुलगी नोरीन फॉस्टोरियाहून ट्रेलर घेऊन आली, ताडपत्री सरकवली, आणि गर्द हिरवा सांगाडा उन्हात आला. उजव्या दाराच्या आत, काच फिरवायच्या हँडलखाली, सिगारेटचा डाग होता. तो डाग एमिलनेच पाडला होता, चौदाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली सिगारेट ओढताना, आणि टिबोर त्याला एक शब्द बोलला नव्हता. नुसता हसला होता आणि म्हणाला होता, "चला, आता ही तुझीपण झाली." नोरीन बोलत होती, बाबा गेले, कोठार विकायचंय, ही एकदा सुरू झालेली मला बघायची आहे, आणि एमिल मान हलवत होता. भाऊ, माझ्या भावाची गाडी, हे शब्द तोंडात येऊन बसले आणि तिथेच राहिले. मग रोज एकामागून एक डबे उघडताना त्याला असं वाटायला लागलं की रकमन नावाच्या त्या कधीही न पाहिलेल्या माणसाने हे सगळं कुणाला तरी उद्देशून लिहून ठेवलंय. चादरीवर गाडी आडवी होत गेली, आणि कुणीतरी शांतपणे कपडे उतरवून ठेवावेत तसे तिचे भाग घडी घालून मांडले जात होते.

"काय रे, भूत बघितलंस?" मर्ना कॉफी घेऊन मागे उभी होती. एकसष्ट वर्षांची बाई, दंड अजून वेल्डरचे. "आज अनाथाश्रमात किती?"

"शून्य."

"आजपण शून्य? एमिल, मला नाही आवडत हे. लग्नाला सगळे नातेवाईक वेळेवर आले की माझ्या पोटात गोळा येतो. कुणीतरी पिऊन आलेलं पाहिजे, कुणीतरी हरवलेलं पाहिजे."

"माणूस नीटनेटका होता."

"नीटनेटका? अरे ह्या माणसाने राख झटकायच्या डबीतली राख पुडीत बांधून ठेवलीय. ह्याला काय म्हणायचं मला माहिती आहे, पण त्याची पोरगी यायचीय आत्ता, म्हणून गप्प बसते." तिने डब्यात डोकावलं. "रोटर. बरा आहे की. चांगला आहे. तू असा का बघतोयस त्याच्याकडे?"

"काही नाही," एमिल म्हणाला. "कार्ड लिहितोय."

पण त्याने कार्ड लिहिलं नाही. तो विचार करत होता, आणि विचार तसा सोपा होता. गाडी विकताना अपांनी नवा रोटर आणून बसवला असेल. वडिलांना ते अपा म्हणत आणि आईला अन्या. घरात तेवढंच हंगेरियन उरलं होतं, तेवढं आणि खसखशीचे रोल. अपा साचे बनवायचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जगणारा माणूस. रोटर नसलेली गाडी त्यांनी विकलीच नसती. दुकानात गेले असतील, दीड डॉलर टाकून आणला असेल. तसंच असणार. हे त्याला पटायला हवं होतं, पण पटलं नाही. चिठ्ठीवर 'जागेवर' असं लिहिलं होतं. अपांचा शब्द होता तो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत टिबोर चोवीस वर्षांचा होता आणि एमिल पंधराचा. टिबोर रॉसफर्डच्या बाजूला काचेच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि त्या वर्षी सगळेच कामासाठी दूर ह्यूस्टनला चालले होते. टिबोरही जाणार होता. त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण एमिलने जिन्यावर बसून फोन ऐकला होता. बुधवार होता. बाहेर पाऊस पडत होता, जानेवारीत, कोमट, वेड्यासारखा पाऊस, आणि टिबोर फोनवर म्हणत होता, "पाऊस रस्त्यावरचं सगळं मीठ धुऊन नेतोय. उद्या कामावरून आलो की निघतो." हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाच्या रस्त्यावर टिबोर ती गाडी कधीच काढत नसे. गाडी मागच्या गॅरेजमध्ये असायची, रोटर मागच्या पडवीत, फळीवरच्या तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात, आणि तो सहकाऱ्याच्या गाडीतून कामाला जायचा. साडेसातला, सगळे जेवत असताना, एमिल पाणी प्यायच्या निमित्ताने उठला, पडवीत गेला, अंधारात त्या डब्यात हात घातला. आत एकच वस्तू होती. ती त्याने खिशात टाकली आणि परत येऊन भात संपवला. उद्या गाडी सुरू होणार नाही, टिबोर वैतागेल, शोधेल, एक दिवस जाईल, दोन दिवस जातील. दोन दिवसांत काहीतरी होईल. पंधराव्या वर्षी दोन दिवस म्हणजे पुष्कळ वाटतात. नंतर गॅरेजमधून बॉनेट आपटल्याचा आवाज आला. कळलं त्याला, एमिलला वाटलं. रोटर नाही हे कळलं आणि रागाने आपटलं. मग टिबोर आत आला, टोपी घातली, एमिलच्या डोक्यावर टपली मारली आणि सहकाऱ्याच्या गाडीत बसून कामाला गेला. ती टपली रागाची नव्हती. एमिलने हे तेव्हाही पाहिलं होतं. पाहून बाजूला ठेवलं होतं.

पहाटे पाऊस थांबला आणि बर्फाचं वादळ आलं. त्या वादळाबद्दल ओहायोत अजून बोलतात. पावणेसहाला फोन वाजला. टिबोर बोलत होता, सहकारी पाळी अर्धी टाकून आधीच निघून गेला होता, आता परत यायला कुणी नाही, रस्ता अजून दिसतोय, अपा, लगेच निघालात तर जमेल. अपा म्हणाले, "तिथेच थांब. मी येतो." चार मैल. अपा गेले नाहीत. नंतर सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं, माझी गाडी सुरू झाली नाही. सात वाजेपर्यंत टिबोर कारखान्याच्या दारात उभा होता, मग पहारेकऱ्याला म्हणाला, "बाप निघालाय माझा. मी पुढे होतो, पुलाजवळ भेटू." रविवारी तो रेल्वेच्या भरावाखाली सापडला. त्यानंतरची एक्केचाळीस वर्षं एमिलच्या मनात एकच वाक्य होतं, त्यात कधी एक शब्द बदलला नाही : मी रोटर घेतला नसता, तर तो स्वतःच्या गाडीने गेला असता आणि स्वतःच्या गाडीने परत आला असता. या वाक्याबरोबर तो शाळा शिकला, लग्न केलं, आठ वर्षं कॅरलबरोबर राहिला. कॅरल जाताना म्हणाली होती, "तू घरात असतोस रे, पण सापडत नाहीस." त्याला वाटलं होतं, बरोबर शब्द निवडला हिने.

तीन वाजता नोरीन रकमन आली. चाळिशीची, फार्मसीत काम करणारी, हसताना तोंडावर हात धरणारी. हातात एक काळी वही होती.

"हे सापडलं," ती म्हणाली. "बाबांची गाडीची वही. तुम्हाला उपयोग होईल म्हणून आणली. तुम्ही हसू नका हं."

"कशाला हसू?"

"सगळेच हसतात. आईच्या दागिन्यांच्या पेटीतसुद्धा चिठ्ठ्या होत्या त्यांच्या. 'कानातलं, डावं.' आई म्हणायची, मी मेले की माझ्या अंगठ्यालाही बांधेल हा माणूस. 'बायको. कुठे सापडली : चर्चच्या जत्रेत.'"

मर्ना मोठ्याने हसली. "आणि बांधली का?"

"आई अजून आहे," नोरीन म्हणाली. "पण पाय झाकून झोपते."

एमिलही हसला. हसता हसता त्याने विचारलं, "गाडी आणली त्या दिवसाचं काही लिहिलंय का यात?" आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा आला. नोरीनने पानं उलटली. "पहिलंच पान की. 'आठ एप्रिल अठ्ठ्याहत्तर. पूर्व टोलेडो. विकणारा साचेवाला, हंगेरियन, बोलायला कमी. मुलगा जानेवारीत वारला. म्हणाला, त्याने शेवटची बंद केली तेव्हापासून मी हिचं बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही. बॅटरी जोडली. पहिल्या किल्लीला सुरू. म्हातारा आत निघून गेला.'" तिने वर पाहिलं. "हे वाचलं की मला कसंतरीच होतं. बाबांनी नंतर ती कधीच चालवली नाही. म्हणायचे, ही माझी नाही, मी फक्त नीट ठेवतोय."

आठ एप्रिलला एमिल घरी नव्हता. त्या दिवशी गाडी जाणार हे माहीत होतं म्हणून तो सकाळीच नदीवर गेला होता आणि काळोख पडायच्या आधी परत आला होता. गॅरेज रिकामं होतं. अपा म्हणाले होते, "गेली." ओढून नेली असणार असं त्याने धरलं. कुणी तसं म्हणालं नव्हतं.

तो हात धुवायला म्हणून मागे गेला. मोरीच्या वर एक खिडकी आहे, काचेला रंगाचे शिंतोडे आहेत, तिच्यातून मार्चचा पांढरा उजेड येतो. त्याने डबी काढली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, ते त्याने धंद्यातल्या सवयीने कडेकडेने, न वाकवता, उचकटलं. रुमाल टिबोरच्या दफनाला अन्याने दिलेला होता. त्याने तो उलगडला आणि तळहातावर जे होतं त्याच्याकडे जसं तो रोज चाळीस वस्तूंकडे पाहतो तसं पाहिलं. अंगठ्याच्या पेराएवढा, काळा. एका बाजूला बाहेर आलेली पितळी चोच. खाली पोकळ दांडी, दाबून बसवायची. स्क्रूला जागाच नाही. त्याला अर्धा सेकंद लागला. सहा सिलिंडरचं इंजिन. साधी, चार दारांची घरगुती गाडी. साल अडुसष्ट ते बाहत्तर. अपांची राखाडी सेडान एकाहत्तरची होती.

त्याला धक्का बसला नाही, हेच त्याला भयानक वाटलं. या जातीच्या आठ सिलिंडरी इंजिनाचा रोटर गोल आणि दोन स्क्रूंचा असतो, हे त्याने या दुकानात उभं राहून शंभर वेळा लोकांना सांगितलं होतं. आणि आपण अंधारात डब्यातून जे उचललं त्याला चोच होती, हे त्याच्या बोटांना कायम आठवत होतं. दोन्ही गोष्टी त्याच्या आत शेजारीशेजारी राहत होत्या, एकाच जिन्यावरच्या आणि कधीही न बोललेल्या दोन भाडेकरूंसारख्या. डबी उघडायची फक्त बाकी होती. म्हणूनच ती त्याने उघडली नव्हती.

आता बाकीचं न शोधता सापडत गेलं. नाताळात शेजारच्या मिसेस नॉजची गाडी चोरीला गेली होती. टिबोर पडवीत उभा राहून अपांना दाखवत होता, "हे बघा अपा, असा ओढून काढायचा, या डब्यात टाकायचा. माझ्याशेजारी." आणि अपा म्हणत होते, "म्हणजे रोज रात्री मी माझ्याच गाडीचा चोर." दोघं हसले होते. एमिल जिन्यावर होता. त्याने ऐकलं होतं. बुधवारी संध्याकाळी टिबोरने आपला रोटर आधीच डब्यातून काढून नेला होता, उद्याच्या तयारीसाठी गाडीत बसवला होता, दोन स्क्रू घट्ट केले होते, आणि बॉनेट आपटलं होतं ते काम झालं म्हणून. डब्यात एकच उरला होता, अपांच्या गाडीचा. टिबोर ह्यूस्टनला जाणारच होता, किंवा नव्हता; कदाचित सकाळी घरी येऊन अन्याच्या हातची कॉफी पिऊन त्याने विचार बदलला असता. ते कळायचा आता काही मार्ग नव्हता. कामावर तो ती गाडी नेणार नव्हताच. कधीच नेत नव्हता. एमिलच्या वाक्यातला एकही शब्द खरा नव्हता.

आणि ती सकाळ. पावणेसहाचा फोन ठेवून अपा पडवीत गेले आणि परत आले. स्वयंपाकघरातले खण उघडायला लागले. एक, दोन, सगळे. एमिल आवाजाने खाली आला होता, पँट चढवून, दोन्ही हात खिशात घालून, कारण घर गार होतं. त्याने विचारलं, "अपा, काय शोधताय?" अपा म्हणाले, "हातमोजे." हातमोजे शेगडीजवळ वाळत होते. एमिलने ते आणून दिले. अपांनी ते घेतले, हातात चढवले, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी शोधतच राहिले. पिठाचा डबा. शिवणाची टोपली. कोटांचे खिसे. हे चित्र एक्केचाळीस वर्षं त्याच्याजवळ होतं, स्वच्छ, पूर्ण, आणि कार्ड न लावलेलं. उजव्या खिशात त्याची मूठ होती, मुठीत चोच रुतत होती, आणि तीन फुटांवर अपा चमच्यांच्या खणात हात घालून उभे होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला माणूस. वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही असं मुलाला सांगायची त्यांना लाज वाटली. टिबोरच्या गाडीची किल्ली टिबोरच्याच खिशात होती, म्हणून मग ते पायीच निघाले. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा कान पांढरे पडले होते. "कोपऱ्याच्या पुढे जाताच येत नाही," एवढंच म्हणाले.

शहाण्णव साली, इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी ती जागेवर ठेवली नाही, एमिल. जागेवर ठेवली नाही." औषधांनी बरळतायत असं नर्स म्हणाली. एमिल त्यांचा हात धरून बसला होता. "सगळं जागेवर आहे, अपा," तो म्हणाला होता. "काही हरवलेलं नाही." अपांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं होतं, एखाद्या अनोळखी भल्या माणसाकडे पाहावं तसं. अठरा वर्षं ते दोघं दर रविवारी एका टेबलावर जेवले. एकाकडे वस्तू होती आणि दुसऱ्याकडे तिचं दुःख. मीठ दे म्हणाले, की तो मीठ द्यायचा.

"एमिल!" मर्ना बाहेरून ओरडली. "पाइपातून वाहून गेलास की काय?"

तो बाहेर आला. वस्तू त्याने रुमालाशिवायच खिशात टाकली होती. नोरीन चादरीच्या कडेला उभी राहून निजलेल्या गाडीकडे पाहत होती. "सगळं आहे ना?" तिने विचारलं. "काही कमी नाही?"

"आतापर्यंत काही कमी नाही," एमिल म्हणाला. "तुमच्या वडिलांनी एकही गोष्ट हलवलेली नाही." नऊ दिवस तोंडात बसलेलं वाक्य उठून उभं राहिलं होतं. "ही माझ्या भावाची गाडी आहे. फणी त्याची आहे. मला आधी सांगायला हवं होतं."

मर्नाने कप खाली ठेवला. नोरीनने तोंडावर हात धरला, पण हसण्यासाठी नव्हे. मग ती म्हणाली, "म्हणजे बाबा तुमच्यासाठी ठेवत होते."

"नाही," तो म्हणाला. "ते फक्त नीट ठेवत होते. मी आज लवकर जातो, मर्ना."

"जा," मर्ना म्हणाली. तिने एकतिसाव्या डब्यावर झाकण लावलं.

अपा गेल्यापासून तो पुन्हा त्याच घरात राहतो. पाच वाजायचे होते, ऊन घरांच्या बाजूने येत होतं, चर्चच्या तळघरातून शुक्रवारच्या तळलेल्या माशांचा वास गल्लीभर पसरला होता. त्याने गॅरेजचं दार वर केलं. समोरच्या भिंतीवर अपांचा अवजारं टांगायचा फळा होता. त्या हिवाळ्यानंतर अपांनी तो केला. अवजारं त्यांची आधीही जागेवर असत, पण त्या वसंतात त्यांनी प्रत्येक अवजार फळ्यावर धरून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने रेघ काढली. करवत, पाने, हातोडे, लहानात लहान स्क्रू-ड्रायव्हर. काहीही उचललं की त्याच्या आकाराची पांढरी पोकळी मागे राहते आणि ओरडते. उजव्या कोपऱ्यात, खाली, एक छोटा आकार नेहमीच रिकामा होता. मधोमध एक खिळा, भोवती गोलसर रेघ, एका बाजूला टोक. लोक विचारायचे. कॅरल म्हणायची, चिमणीचं डोकं आहे. प्लंबर म्हणाला होता, बाटली उघडायचं असेल. अपांना कुणी विचारलं तर ते म्हणत, "येईल ते." जगातली कुठलीही सुटी वस्तू ओळखणारा एमिल या आकारासमोर तेवीस वर्षं रोज गाडी लावत होता.

तो फळ्याजवळ गेला. खिळ्याच्या डोक्यावर गंज नव्हता. अपा त्याला दर वर्षी तेल लावत असत. इतर खिळ्यांना लावत त्याबरोबर यालाही. हे त्याने पाहिलेलं होतं. त्याने खिशातून रोटर काढला, पोकळ दांडी खिळ्यावर धरली आणि सरकवली. एक किंचित फिरवावा लागला. चोच रेघेच्या टोकात गेली. चारी बाजूंनी केसाएवढी फट राहिली, सगळीकडे सारखी, अपांच्या हातची. मुद्दाम नवा विकत आणून, तो इथे धरून, त्यांनी रेघ काढली असणार. नवा गाडीत बसवला असणार, आणि ही जागा जुन्याची म्हणून सोडली असणार.

फळ्यावर आता एकही पोकळी नव्हती. एमिल दोन पावलं मागे सरला. भिंत पहिल्यांदाच गप्प झाली होती आणि त्या गप्पपणात घराच्या आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, एकामागून एक खण उघडल्याचे आवाज येतील म्हणून तो ऐकत राहिला. काही आलं नाही. दार लावायला त्याने हात वर केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. त्याने ती उन्हात धरून पाहिली. बोटं पूर्ण मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती. तळहातात, मधोमध, अंगठ्याच्या पेराएवढी जागा त्यांनी धरून ठेवली होती, एका बाजूला चोचीसकट.